चष्म्याच्या घरातला दोरा

आबांच्या सत्काराचा अंक निघतोय. त्यासाठी मला पोस्टकार्ड आलं. ‘आपला काशिनाथरावांशी निकटचा संबंध आला, तरी दोन पानं गोड आठवणी पाठवाव्यात.’ गोड लिहायची मला सवय नाही. मी पत्रकं लिहिते. पत्रकात वर एक प्रश्न असतो, खाली मागण्या असतात, आणि मधे ज्याच्यावर तुटून पडायचं तो माणूस बहुधा मी पाहिलेलाही नसतो. या माणसाला मी पाहिलंय. त्याच्या फडक्यातली भाकरी खाल्लीय. म्हणून लिहायला जड जातंय, आणि म्हणूनच लिहिणार आहे. छापायचं की नाही ते समितीने बघावं.

काशिनाथ मारकड. सगळे आबा म्हणायचे. भिगवणला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं स्टो दुरुस्तीचं खोपटं होतं. घराणं मेंढरं राखणारं. मेंढरं कधीच गेली, पण उभं राहायची ढब राहिली होती. हातात काठी नसली तरी एक पाय दुसऱ्याच्या पोटरीला लावून, हनुवटी पुढे काढून आबा असे उभे राहायचे, की समोर कळप चरतोय असं वाटावं. बसायचे ते रॉकेलच्या पालथ्या डब्यावर. खोपटात खुर्ची नव्हती. गिऱ्हाईक उभं, आबा डब्यावर.

तरुणपणी लोकर नेणाऱ्या ट्रकमधून ते उत्तरेत गेले आणि फिरोजाबादच्या पलीकडच्या एका गावात अडकले. तिथे म्हणे घरोघरी दिव्याच्या जाळावर काचेचे मणी होतात. अकरा वर्षं तिथे काढली. परत आले ते एक पत्र्याची ट्रंक घेऊन. ट्रंकेत कपडे नव्हते, काचेच्या कांड्या होत्या. पेन्सिलीएवढ्या जाड, हातभर लांब, काळ्या आणि पांढऱ्या. गावात कुणाला त्याचं काय? सगळ्यांचे स्टो बिघडत होते, म्हणून आबा स्टो दुरुस्त करू लागले.

मी पहिल्यांदा गेले तीही आमच्या बायांच्या संघटनेच्या भिगवणातल्या खोलीतला स्टो घेऊन. तेवीस वर्षांची होते, बारामतीहून एसटीने रोज यायची. आबांनी स्टो दुरुस्त केला, पेटवून बघितला, आणि जाळ वाया जाऊ नये म्हणून की काय, ट्रंकेतून एक कांडी काढली. आधी ती पुढच्या दातांवर वाजवली. टिक्. मग जाळात धरली. माझ्यासमोर दोन मिनिटांत काळाभोर मणी झाला.

“दातावर कशाला वाजवली?” मी विचारलं.

“काच मऊ का कडक ते दाताला कळतं. डोळ्याला न्हाय कळत.”

मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पत्रकाचा मजकूर तयार केला होता. ‘उजनीकाठच्या बायांनी मासे साफ करतच मरायचं काय?’ खाली मागणी: मणी बनवण्याचं प्रशिक्षण. आबांना न विचारताच.

आबा आले, शिकवायला तयार झाले. बारा बाया जमल्या, निम्म्या पळसदेवच्या, निम्म्या भिगवणच्या. त्यातली एक शालन. तिचं लग्न बापाने जमवलं होतं. वर्षभर नांदली आणि परत आली. पहाटे भिगवणच्या बाजारात मासळी साफ करायची. तिला मासळी सोडायची होती. बाकीच्यांना जोडधंदा हवा होता, शालनला दुसरं आयुष्य हवं होतं. ती तसं बोलायची नाही. पण पहिल्या दिवशी हाताचा वास जावा म्हणून लिंबाच्या साली चोळून आली होती, ते मी बघितलं.

पहिली बैठक जाळावरून पेटली. मी म्हटलं, गॅसचे बर्नर घेऊ, ऑक्सिजनचे. चकचकीत, आधुनिक. बायांनी काय जन्मभर स्टोच पंपायचा?

आबा म्हणाले, “गॅसचं कार्ड कुणाच्या नावावर आसतं, ताई?”

“घरातल्या माणसाच्या.”

“मंग टाकी संपली की ह्या बाया कुणाच्या तोंडाकडं बघणार?”

मी बायांकडे बघितलं.

“आन् आक्सिजनची टाकी बारामतीच्या वेल्डिंगवाल्याकडनं आणायची. तू आणती का सायकलीवर?”

बाया हसल्या. आबा हसले नाहीत. ते विनोद करतानाही मेंढरं मोजल्यासारखे गंभीर असायचे. “रॉकेल रेशनचं. डबा बायांच्याच हातात आसतो. पयल्या वर्षी रॉकेल. हात बसला की गॅस. आक्सिजन त्याच्याबी पुढं. जाळ जेवढा तेज तेवढी चूक म्होटी. शिकणाऱ्याला मंद जाळच बरा, इचार कराय टाइम मिळतो.”

मग त्यांनी गोणपाटावर काचेचे तीन ढीग मांडले. एक प्रयोगशाळेतल्या नळ्यांचा. “ही कडक. आपल्या जाळावर नुसती लाजंल, वितळायची न्हाय.” दुसरा बांगड्यांच्या तुकड्यांचा. बायांना वाटलं, हा फुकटचा, हाच घ्यावा. आबांनी मान हलवली. “वितळती बेस. पर धा भट्ट्यांचं धा तुकडं. कुणाचं कुणाशी पटतंय, कुणाला ठावं?” तिसरा ढीग ट्रंकेतल्या कांड्यांचा. “शिकणाऱ्यानं मऊ काच घ्यावी, एका भट्टीची घ्यावी, आन् काळी घ्यावी.”

“काळीच का वो, आबा?” शालनने विचारलं.

“रॉकेलचा जाळ काजळी सोडतो. पांढऱ्या मण्यात तुजी चूक गावभर दिसंल. काळा मणी चूक पोटात घालतो.”

“म्हंजी सासूपरीस बराच म्हणायचा की!”

त्या दिवशी खोलीत जे हसू उठलं, ते मला अजून ऐकू येतं.

आता एक गोष्ट लिहिते, जी मी विसरणार नाही, विसरू इच्छितही नाही. पुढचं सगळं लिहूनही ती खोटी होत नाही.

बाया स्टोला भ्यायच्या. भ्यायला नकोत? प्रत्येकीला स्टोच्या भडक्यात गेलेली एक तरी माहीत होती, आणि तो भडका कुणी उडवला हेही माहीत होतं. आम्ही त्यावर पत्रकं काढून थकलो होतो. आबांनी आठ दिवस कुणाला काचेला हात लावू दिला नाही. प्रत्येकीला एकेक जुना स्टो दिला. खोला, पिन मारा, वायसर बदला, जोडा, पेटवा, परत खोला. एक म्हातारी रडकुंडीला आली. “आबा, मी मणी शिकाय आले, मिस्तरी व्हाय न्हाय.”

आबा तिच्यासमोर उकिडवे बसले. “म्हातारे, ज्या बाईला स्टो खोलता येतो, तिच्या बाबतीत ‘भडका उडाला’ म्हणायची कुणाची टाप हाय?”

मी ते वाक्य पुढच्या पत्रकाच्या मथळ्यावर घातलं. इतकं चांगलं वाक्य मला कधी सुचलं नव्हतं, अजूनही सुचलेलं नाही.

मग आबांनी स्टोंचे बर्नर काढून जाळ आडवा फेकणारी तोटी बसवली. बैठकी चुलीसारख्या त्या बारा स्टोंसमोर बारा बाया. मणी ज्या तारेवर गुंडाळायचा त्यासाठी जुन्या सायकलींचे आरे. मणी आऱ्याला चिकटू नये म्हणून वर लावायला माती. ती उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवच्या जुन्या देवळाच्या आसपासचा मऊ गाळ आणून, लुगड्यातून गाळून घ्यायची. झालेला मणी लगेच गार झाला तर चिरतो, म्हणून तो गरम राखेत पुरायचा. राख एका बाईच्या कोऱ्हाळ्याकडच्या भावाने साखर कारखान्याच्या चिपाडाची आणून दिली, हलकी, पिठासारखी. काच जाळात धरली की आबा म्हणायचे, “काकवी झाली का? काकवी झाली की गुंडाळ. फिरव. काच थांबली की पडली. फिरव.” दिवसभर खोलीत तेच. फिरव, फिरव, फिरव. घरी भाकरी थापताना हात आपोआप फिरतो, असं बाया सांगायच्या.

दोन महिन्यांत साधे काळे मणी जमले. पुढे प्रश्न पांढऱ्याचा आला. तान्ह्या पोरांच्या मनगटात बांधायचा दृष्टमणी हवा होता. काळ्या मण्यावर पांढरे डोळे. प्रत्येक घरात लागणारी वस्तू. पण त्यात दोन काचा एकत्र येतात, आणि तिथे आबांनी आम्हाला सोयरीक दाखवली.

काळी आणि पांढरी अशा दोन कांड्यांची टोकं जाळात जोडायची. दोन्ही मिळून काकवी झाली की चिमट्याने ओढायचं. केसासारखा काचेचा दोरा निघतो, अर्धा काळा, अर्धा पांढरा, अंगाला अंग लावून. तो गार होऊ द्यायचा. दोरा सरळ राहिला तर दोन्ही काचा सारख्याच आकसतात. वाकला तर एक जास्त आकसते, एक कमी.

“सरळ ऱ्हायला तर सोयरीक जमली,” आबा म्हणाले. “वाकला तर नांदणार न्हायत. आज न्हाय, उद्या न्हाय, पर दोन-तीन म्हैन्यात मणी चिरणार. डोळा निखळून पडणार. मग तुमी राखंत पुरा न्हायतर देवाऱ्यात ठिवा.”

ट्रंकेतल्या काळ्या-पांढऱ्याचा दोरा सुतासारखा सरळ निघाला. आबांनी तो बोटभर तोडून चष्म्याच्या घरात ठेवला. जाळाकडे बघायला त्यांचा हिरव्या काचांचा चष्मा होता, वेल्डिंगवाल्यांसारखा. त्याचं पत्र्याचं घर बंडीच्या खिशात असायचं. त्यात चष्म्याखाली कापूस, कापसात दोरा.

“हे कशाला?” मी विचारलं.

“माल संपंपर्यंत दोरा माज्याजवळ. मणी चिरला तर जाब माजा. नवा माल आला की नवा दोरा. सोयरीक वडीलधाऱ्यानं बघायची आसती, ताई. पोरींनी नुसतं नांदायचं.”

मी यावर भांडले. म्हटलं, हे वाक्य मागासलेलं आहे. बाया माझ्याकडे दयेने बघत राहिल्या. आज वाटतं, मी भलत्याच कारणासाठी भांडले. त्या दिवशी मागणी करायला हवी होती की दोरा प्रत्येकीने ओढायचा, प्रत्येक खेपेला. केली नाही. सोयरीक माणसं विश्वासाने वडीलधाऱ्यांवर सोडतात ना, तशी आम्ही ती गोष्ट आबांवर सोडून दिली.

दृष्टमण्याचे डोळे सगळ्यात चांगले शालन काढायची. इतरांचे ठिपके व्हायचे, तिचे डोळे व्हायचे. आबा मणी उजेडात धरून म्हणाले, “हे कुठं शिकलीस गं?”

“रोज पाट्या भरून डोळं बगती की मी. ताजी मासळी आन् शिळी मासळी डोळ्यावनंच वळखायची.”

“तुज्या मण्याचा मासा ताजा हाय,” आबा म्हणाले. त्यांच्या तोंडून इतकं निघणं म्हणजे पदक. शालनने दिवसभर कामातून मान वर केली नाही, इतकी लाजली होती.

बारामतीच्या एका दुकानाने मणी घेतले. तोवर बारामतीच्याच एका मोठ्या संस्थेला आमचा सुगावा लागला होता. नाव लिहीत नाही. अशा संस्थांची पाटी बदलते, साहेब तेच राहतात. त्यांनी प्रशिक्षण केंद्र काढायचं ठरवलं. गॅसचे बर्नर, ऑक्सिजन, पंखे. आबा मुख्य प्रशिक्षक. आणि आमच्या बायांमधली एक तिथे पगारी शिकवणारी. यादीत पहिलं नाव शालनचं. तिने त्या आठवड्यात बाजारात सांगून टाकलं की पुढच्या महिन्यापासून दुसरी बाई बघा.

साहेब भिगवणला आले तेव्हा जीपमधून दोन वस्तू उतरल्या. एक खुर्ची, गोल हातांची, लाकडी. “काशिनाथराव, आता डब्यावर बसायचं नाही.” दुसरं म्हणजे पांढऱ्या कांड्यांचं खोकं. ट्रंकेतला पांढरा संपत आला होता. ह्या नव्या कांड्या दुधासारख्या पांढऱ्या, सरळ, गुळगुळीत. साहेबांच्या ओळखीच्या पुरवठादाराच्या. पुढे केंद्रालाही तोच माल लागणार होता, त्यावर आबांची पसंतीची सही हवी होती.

आबांनी कांडी दातावर वाजवली. दुसऱ्या दिवशी आल्यावर म्हणाले, “बघितली सोयरीक. जमतंय.”

सही केली. त्या दिवसापासून आबा खुर्चीवर बसायला लागले. सुरुवातीला अवघडून, हात कुठे ठेवावेत ते न कळून. मग जमलं. आम्हाला आनंदच झाला होता. मी तर टाळ्या वाजवल्या होत्या. हे लिहायला लाज वाटते, पण वाजवल्या होत्या.

दोन महिने मणी जोरात गेले. मग एक बाई चिरलेला मणी घेऊन खोलीवर आली. मला वाटलं, भांडायला आलीय. तर ती साखरेची पुडी घेऊन आली होती!

“पोराला लई नजर लागली हुती बगा. मण्यानं अंगावर घेतली. तडाक्यानी फुटला. आजून दोन द्या.”

आठवड्यात अशा चार आल्या. मण्याचा डोळा निखळला म्हणजे बाळाची दृष्ट निघाली, अशी बातमी बाजारात फिरली. दुकानदाराने जास्त मणी मागवले. चिरतो म्हणून माल परत येतो, इथे चिरतो म्हणून खपत होता. मी भडकले. बायांना जमवून अंधश्रद्धेवर तासभर बोलले. नजर म्हणजे काय, मन म्हणजे काय. बोलले नाही ते एकच. काच का चिरली, हा प्रश्न मला पडलाच नाही. सगळ्या जगाला प्रश्न विचारणारी मी.

आबा खुर्चीत बसून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, “लोकांची समजूत हाय, ताई. तिला काय करायचं?” हिरवा चष्मा काढला, घरात ठेवला, घर मिटलं. टच्. तो आवाज मला आता आठवतो. तेव्हा तो नुसता आवाज होता.

आणि मग कोऱ्हाळ्याच्या एका आठ महिन्यांच्या मुलीने मनगटातला मणी तोंडात घातला. दात येत होते तिला. मण्याचा डोळा तिच्या जिभेखाली निखळला. रक्त आलं. बारामतीच्या डॉक्टरांनी टिकलीएवढा काचेचा तुकडा काढला म्हणून निभावलं. तिची आई खोलीवर आली ती साखर घेऊन नव्हे. तिने तुकडा टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाली, “ह्ये कुणाच्या नजरंचं, सांगा.”

सभा झाली. साहेब आले. आबा खुर्चीवर, बाया सतरंजीवर, मी भिंतीला टेकून उभी.

साहेब म्हणाले, “काशिनाथराव, तुम्ही जाणकार. दोष काचेचा की हाताचा?”

आबांनी खुर्चीच्या गोल हातावर तळवा फिरवला. मग म्हणाले, “हाताचा.”

आणि लगेच पुढे म्हणाले,

“बायांना घाई आसती. मणी राखंत पुराय उशीर झाला की आतनं चिरतो.”

हे खरं आहे. उशीर झाला की चिरतो. त्यांनीच शिकवलं होतं. खरं वाक्य भलत्या जागी ठेवलं की त्याच्याइतकं पक्कं खोटं दुसरं नसतं, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं.

“डोळे कोण काढतं?” साहेबांनी विचारलं.

आबा जमिनीकडे बघत म्हणाले, “शालन.”

शालनने आबांकडे बघितलंच नाही. तिने माझ्याकडे बघितलं. आणि मी, मी तिला म्हणाले, “शालन, होते गं चूक माणसाची. तेव्हा बाजारातून उशिरा यायचीस, मग घाई करायचीस. कबूल करून टाक ना.”

तिने मान खाली घातली. इतिवृत्तात लिहिलं गेलं: ‘दोष हाताचा.’ केंद्राच्या यादीतून तिचं नाव गेलं. बाजारात तिची जागा दुसरीला दिलेली होती. तिथे ती शेवटच्या ओळीत, खवले उचलायला परत उभी राहिली.

तीन आठवड्यांनी ती माझ्याकडे आली. रविवार होता, खोलीत कुणी नव्हतं. ओच्यातून तिने कांड्या काढल्या. काळी. जुनी पांढरी, ट्रंकेतली, वीतभर उरलेली. आणि नवी पांढरी. स्टो पेटवला. आधी काळीला जुनी पांढरी जोडली, दोरा ओढला, फरशीवर ठेवला. मग काळीला नवी जोडली, दोरा ओढला, शेजारी ठेवला. दोन्ही दोरे गार होईपर्यंत आम्ही दोघी फरशीवर बसून बघत होतो.

जुना सरळ राहिला. नवा आमच्या डोळ्यांदेखत वाकत गेला. आधी थोडा, मग विळ्यासारखा.

“हात त्योच हाय, ताई,” शालन म्हणाली. “घाई बी न्हवती. आज बाजार न्हाय.”

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “ते ऱ्हाऊ द्या.” तिने माफ केलं असं मी म्हणणार नाही. ‘ते ऱ्हाऊ द्या’ याचा अर्थ तो होत नाही.

समितीला माझी एकच मागणी आहे, आणि ती इथेच लिहून टाकते, शेवटी जागा उरणार नाही. ते इतिवृत्त अजून तसंच आहे. ‘दोष हाताचा.’ शाल-श्रीफळ द्यायच्या आधी ती ओळ खोडा. बाकी तुमचा हार, तुमचा फोटो, तुमचा मंडप.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बारामतीला केंद्रावर गेलो. मला वाटत होतं, आबा फसलेत. नव्या खोक्यातली वरची कांडी बरी असेल, खालच्या वाईट असतील, आबांनी नेमकी बरी ओढली असेल. वाटेत एसटीत मी शालनला हेच समजावत होते. तिने खिडकीबाहेर बघत ऐकून घेतलं.

आबा व्हरांड्यात होते. अंगात पांढरा कोट, खिशावर नाव. वर्गाची वेळ झाली होती. शालनने तळहात पुढे केला. तळहातावर वाकलेला दोरा.

आबांनी तो बघितला. ‘हे काय’ असं त्यांनी विचारलं नाही. कोटाच्या आत हात घालून चष्म्याचं घर काढलं, उघडलं, कापूस बाजूला केला. तिथे दोरा होता. अर्धा काळा, अर्धा दुधासारखा पांढरा. त्यांनी शालनचा दोरा उचलून त्याच्या शेजारी ठेवला. दोन्हींचा बाक एकच. एकावर एक ठेवले असते तर बसले असते.

बराच वेळ ते वाकून बघत राहिले. मग म्हणाले, “तुजा बारीक हाय. माज्यापरीस बेस वढलास.”

शिकवणाऱ्याचा आवाज होता तो, अगदी तोच, ‘तुज्या मण्याचा मासा ताजा हाय’ म्हणणारा.

“तुम्हाला माहीत होतं, आबा?”

“दोरा खोटं बोलतो व्हय, ताई?”

“मग?”

त्यांनी दाराकडे बघितलं. आत फळ्याजवळ त्यांची खुर्ची होती, तीच, गोल हातांची. “साठी उलटली माजी. हापिसात ग्येलो की ‘स्टोवाल्या, भाईर बस’ म्हणायचे. त्या दिशी पयल्यांदा खुर्ची आली.” मग म्हणाले, “मला वाटलं, साधा डोळा हाय, टिकंल सा म्हैनं. तंवर दुसरा माल मागवू.”

“आत चला,” मी म्हणाले. “साहेबांसमोर हे बोला. आत्ता.”

तेव्हा शालन बोलली. मोठ्याने नाही. मासे तोलताना बाया बोलतात तशी, सपाट.

“माज्या बापानं बी आसंच म्हणलं हुतं, आबा. ‘बगितलंय, जमतंय.’ त्यानं निदान बगितलं तरी न्हवतं.”

आबांचा एक पाय उचलला गेला आणि दुसऱ्या पोटरीला टेकला. तसेच ते उभे राहिले, काठी नसताना, कळप नसताना. मग घर मिटायला लागले. शालनने झाकणाखाली बोट घातलं.

“माजा द्या.”

तिने आपला दोरा काढून घेतला. आबांचा कापसातच राहिला. घर मिटलं. टच्. आत कुणीतरी घंटा वाजवली, आबांनी हिरवा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ते वर्गात गेले.

खिडकी उघडी होती. आत वीस-पंचवीस पोरी, नव्या एप्रनमध्ये, वह्या घेऊन. आबांनी गॅस पेटवला. निळा, टोकदार जाळ, आवाज करणारा. टेबलावर नव्या पांढऱ्या कांड्यांची जुडी होती. त्यातली एक त्यांनी उचलली, पुढच्या दातांवर वाजवली. टिक्. मी खिडकीच्या गजाला धरून उभी होते. मला खात्री होती, आता हात थांबेल. चार माणसांसारखा माणूस आहे, इतकं झाल्यावर थांबेलच. क्षणभर तरी. आणि काच थांबली की पडते.

“फिरव,” आबा पोरींना सांगत होते. “फिरव, फिरव.”

“चला ताई,” शालन माझ्या मागून म्हणाली, “भिगवणची गाडी जाईल.”

मी अजून बघत होते. हात थांबला नाही. काळ्यावर पांढरा डोळा बसला, आणि मणी गोल झाला.